नगरसेविकेची रिकामी जागा ठरावानं भरत नाही, मग भरते कशी?

ताईंनी विचारलेलं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यांना कळेल. नागपूर जिल्ह्यातल्या त्यांच्या नगरपंचायतीत शेजारच्या वॉर्डाच्या नगरसेविका दोन महिन्यांपूर्वी वारल्या. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीतच त्या निवडून आल्या होत्या. जागा ओबीसी महिलेसाठी राखीव आहे. आता गावात तीन प्रकारच्या गोष्टी चालू आहेत. कोणी म्हणतं, सभेत ठराव करून बाईंच्या मुलीला घेऊन टाकू. कोणी म्हणतं, सहा महिन्यांत निवडणूक लागलीच पाहिजे, तसा कायदाच आहे. आणि बाकीचे म्हणतात, ही जागा आता पाच वर्षं अशीच राहणार. ताईंना स्वतःला उभं राहायचं आहे. त्या ओबीसी आहेत, नाव गावच्या मतदारयादीत आहे, पण रस्त्याच्या पलीकडच्या वॉर्डात. माहेर सौंसरचं, म्हणजे सीमेपलीकडे मध्य प्रदेशातलं. आणि जाता जाता त्यांनी हेही विचारलं आहे की तोपर्यंत नळाचं, नालीचं गाऱ्हाणं न्यायचं कोणाकडे.

माझी सगळी नोकरी जिल्ह्यातल्या निरनिराळ्या नगरपरिषदांच्या कार्यालयांत गेली, आस्थापना आणि निवडणूक ही दोन टेबलं जास्त काळ माझ्याकडे होती. म्हणून मी हे फाईलीच्या बाजूनं सांगतो, राजकारणाच्या बाजूनं सांगणारे गावात पुष्कळ असतात. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. तुम्ही ठरावाबद्दल आणि मुदतीबद्दल विचारलंत, पण तुमच्यापुरता खरा प्रश्न ‘माहेर सौंसरचं’ या दोन शब्दांत आहे. त्यावर शेवटी सविस्तर लिहितो. तो भाग वगळू नका.

आधी ठराव. निवडून यायच्या जागेवर कोणालाही नेमून बसवता येत नाही. नगराध्यक्षांना नाही, मुख्याधिकाऱ्यांना नाही, जिल्हाधिकाऱ्यांनासुद्धा नाही. ७४व्या घटनादुरुस्तीनं नगरपंचायतीपासून महापालिकेपर्यंत सगळीकडे या जागा प्रभागातल्या मतदारांनी थेट निवडून भरायच्या, असं बांधून दिलं आहे, आणि त्या निवडणुकांचा कारभार राज्य निवडणूक आयोगाकडे दिला आहे. जागा मृत्यूनं रिकामी होवो, राजीनाम्यानं होवो की अपात्रतेनं होवो, ती पोटनिवडणुकीनंच भरते.

मग लोकांना ठरावाचं सुचतं कुठून? स्वीकृत सदस्यांवरून. तुमच्या नगरपंचायतीत सतरा वॉर्ड, सतरा निवडून आलेले सदस्य. त्यांच्याशिवाय निवडून आलेल्यांच्या दहा टक्के किंवा पाच, यांपैकी कमी असेल तेवढे सदस्य नामनिर्देशनानं घेता येतात. सतरावर ते दोन बसतात. कोणत्या पक्षाला किंवा आघाडीला त्यातले किती, ते बलाबलावरून ठरतं. त्यांना सभेत बोलता येतं, मत देता येत नाही. लोक पाहतात की अमुक भाऊ निवडणूक न लढता सभागृहात जाऊन बसले, आणि त्यांना वाटतं, तसंच वारलेल्या बाईंच्या मुलीलाही बसवता येईल. स्वीकृताची जागा रिकामी झाली तर ती पुन्हा नामनिर्देशनानंच भरते, ते खरं. उपाध्यक्षाचं पद रिकामं झालं तर सदस्यच सभेत नवा निवडतात, तेही खरं. पण वॉर्डाची जागा वेगळी. तिथं सभागृहाचा काही अधिकार चालत नाही.

काही गावांत तरी ठराव करतात: ‘दिवंगत सदस्याच्या वारसास संधी द्यावी अशी शिफारस’. अशा शिफारशीला काडीची किंमत नाही. तिचा तोटा मात्र होतो, कारण ठराव झाला म्हणजे काम झालं असं समजून पुढचे काही महिने कोणी काही करत नाही. मुलीबद्दल गावाला खरंच जिव्हाळा असेल तर रस्ता एकच आहे. पोटनिवडणूक लागली की तिनं अर्ज भरायचा, बाकीच्यांनी भरायचा नाही, ती बिनविरोध येते. असं पुष्कळदा होतं आणि त्यात गैर काही नाही. फक्त तिच्या मागे फिरणाऱ्यांना एक सांगा. आईचं जात वैधता प्रमाणपत्र मुलीच्या कामाला येत नाही. आईचं ते तिच्या माहेरच्या कागदांवरून मिळालेलं असतं. मुलीची जात तिच्या वडिलांकडून बघतात, म्हणून तिला वडील, काका, आजोबा यांचे कागद लागतील. घरात आईचं वैधता प्रमाणपत्र आहे, मग काळजी नाही, असं समजून निर्धास्त बसलेली घरं मी पाहिली आहेत.

आता मुदत. ‘सहा महिन्यांत’ हे लोकांच्या डोक्यात दोन ठिकाणांहून आलं आहे. आमदार-खासदाराची जागा रिकामी झाली तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी, असं लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. आणि अख्खी नगरपंचायत बरखास्त झाली तर सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी, असं संविधानात आहे. तुमची नगरपंचायत बरखास्त झालेली नाही, सतरापैकी एक जागा गेली आहे. तिला हे दोन्ही लागू होत नाहीत. तेव्हा घड्याळ लावून बसू नका.

सहा महिन्यांचा हिशेब उलट्या बाजूनं मात्र होतो. सभागृहाची मुदत संपायला तेवढाही काळ उरला नसेल तर पोटनिवडणूक घेत नाहीत, सार्वत्रिक निवडणुकीची वाट पाहतात. तुमची नगरपंचायत २०२५ मध्ये निवडून आलेली असल्यानं ती अडचण नाही. पण आपल्याच जिल्ह्यात हिंगणा आणि कुही इथल्या निवडणुका डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये झाल्या. तिथल्या कोणी हे वाचत असेल तर त्यांचा हिशेब वेगळा आहे, त्यांनी उरलेले महिने आधी मोजावेत.

जागा पाच वर्षं तशीच राहील हेही खरं नाही. पण ती आपोआप भरत नाही, हे लक्षात ठेवा. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात गावकऱ्यांनी ज्या एका कागदामागे लागायला हवं तो म्हणजे जागा रिक्त झाल्याचा अहवाल.

होतं असं. बाई जातात. कार्यालयात शोकसभा होते, पुढच्या सर्वसाधारण सभेत शोकप्रस्ताव येतो, दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली होते, इतिवृत्तात नोंद होते. सगळ्यांना वाटतं, कार्यालयाला कळलं. कळलं हो, पण मुंबईत निवडणूक आयोगाला कसं कळणार? त्यासाठी मुख्याधिकाऱ्यांनी जिल्हाधिकाऱ्यांना स्वतंत्र पत्र लिहायचं असतं: सदस्याचं नाव, वॉर्ड क्रमांक, जागेचं आरक्षण, निवडून आल्याची तारीख, जागा कधी आणि कशानं रिकामी झाली. सोबत मृत्यूचा दाखला. जिल्हाधिकारी कार्यालय ते आयोगाकडे पाठवतं. आयोगाच्या यादीत तो वॉर्ड चढला की मग तो पुढच्या पोटनिवडणूक कार्यक्रमात येतो.

हे पत्र अडतं कुठे? दहापैकी आठ वेळा मृत्यूच्या दाखल्यापाशी. आजारी माणसाला आपण नागपूरला नेतो. मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, नाही तर खासगी दवाखान्यात. मृत्यूची नोंद जिथं मृत्यू झाला तिथं होते, म्हणजे दाखला नागपूर महानगरपालिकेचा. तुमच्या नगरपंचायतीच्या जन्म-मृत्यू रजिस्टरात ती नोंद नसतेच. कारकून म्हणतो, घरचे दाखला आणून देतील तेव्हा पाठवू. घरचे दुःखात, त्यांना कोणी मागितलेला नाही. आणि लहान नगरपंचायतीत आस्थापना, जन्म-मृत्यू आणि निवडणूक ही तीनही टेबलं बहुधा एकाच माणसाकडे, मुख्याधिकाऱ्यांकडे शेजारच्या गावाचा अतिरिक्त कार्यभार. कोणाच्या मनात काही नसतं, पत्र राहून जातं. डिसेंबरात हे घडलं तर त्यात हिवाळी अधिवेशनाची भर पडते. त्या दिवसांत नागपूरच्या कोणत्याही सरकारी टेबलावरून कागद हलवून दाखवणारा अजून मला भेटायचा आहे.

म्हणून तुम्ही पहिल्यांदा करा ते एवढंच. नगरपंचायतीत जा आणि जावक नोंदवही, म्हणजे बाहेर पाठवलेल्या पत्रांची वही, पाहायला मागा. वर्तमानपत्राएवढ्या लांब पानांचं ते रजिस्टर असतं, आता काही ठिकाणी संगणकावर आहे. बाईंच्या मृत्यूच्या तारखेनंतरच्या नोंदींवरून बोट फिरवत या. ‘जिल्हाधिकारी कार्यालय, नगरपालिका प्रशासन विभाग’ असा पत्ता आणि विषयात ‘सदस्याचे पद रिक्त झाल्याबाबत’ अशी ओळ सापडली तर जावक क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. मग सिव्हिल लाईन्सच्या जिल्हाधिकारी कार्यालयात त्याच क्रमांकावर विचारता येतं. ओळ सापडली नाही, तर त्या वॉर्डाची निवडणूक अजून सुरूच झालेली नाही.

नोंदवही दाखवायला नाही म्हणाले तर भांडू नका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज द्या. ‘निवडणूक केव्हा होणार?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असंच येणार. असं विचारा: ‘प्रभाग क्रमांक अमुक येथील सदस्याचे पद रिक्त झाल्याबाबत जिल्हाधिकारी कार्यालयास पाठवलेल्या अहवालाची प्रत, जावक क्रमांक व दिनांकासह मिळावी.’ तीस दिवसांची मुदत असते. माझा अनुभव असा की अहवाल गेलेला नसेल तर असा अर्ज आल्यावर तो जातो, आणि उत्तर देताना ताज्या तारखेची प्रत तुमच्या हातात पडते. दाखला नगरपंचायतीनं मागितला नाही म्हणून अडला असेल तर बाईंच्या घरच्यांना भेटून, त्यांच्या कलानं घेऊन तो मिळवून द्या. विरोधी पक्षाचे असाल तरी द्या.

अहवाल गेल्यावर किती दिवस लागतात हे मी सांगणार नाही, कारण ते तुमच्या-माझ्या हातात नाही. आयोग बहुधा राज्यभरातल्या अशा जागा गोळा करून एकत्र कार्यक्रम लावतो. आपल्याच जिल्हा परिषदेचं उदाहरण घ्या. ४ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं ओबीसी आरक्षणाबाबत निकाल दिला आणि नागपूरसह काही जिल्हा परिषदांमधल्या ओबीसी जागा रिकाम्या झाल्या. नागपूर जिल्हा परिषदेच्या एका फटक्यात सोळा. जुलैमधलं मतदान जाहीर झालं, करोनामुळे पुढे गेलं, आणि ५ ऑक्टोबरला झालं. एवढा गाजावाजा असलेल्या जागांना सात महिने लागले. तेव्हा एका वॉर्डाच्या जागेला त्याहून कमी लागतील अशी आशा जरूर ठेवा, भरवसा ठेवू नका.

त्याच उदाहरणातून दुसरा मुद्दा निघतो. एरवी पोटनिवडणुकीत आरक्षण बदलत नाही. ओबीसी महिलेची जागा ओबीसी महिलेचीच राहते, नवी सोडत निघत नाही. सोडत पुन्हा होईल आणि जागा खुली होईल, असं कोणी सांगत असेल तर सोडून द्या. पण २०२१ मध्ये त्या सोळा जागा न्यायालयाच्या निकालामुळे सर्वसाधारण होऊन लढल्या गेल्या. २०२५ च्या निवडणुकीतही ज्या संस्थांमध्ये एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या पुढे गेलं होतं, त्यांचे निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या अंतिम निर्णयाच्या अधीन ठेवले गेले. तुमची नगरपंचायत त्यांत होती का, हे मुख्याधिकाऱ्यांना विचारा. होती, तर त्या वॉर्डाबद्दल आज कोणी खात्रीनं बोलू शकत नाही.

तुमची जागा मृत्यूनं रिकामी झाली, हा त्यातल्या त्यात सरळ प्रकार. अपात्रतेनं रिकामी झालेली जागा फार अवघड. अनधिकृत बांधकाम निघालं, जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवलं, सदस्य अपिलात गेला, स्थगिती आली, की जागा रिकामी म्हणावी की भरलेली, यातच वर्ष जातं. तशा गावांना माझं हे उत्तर जसंच्या तसं लागू पडणार नाही.

मधल्या काळातल्या नळ-नालीबद्दल थोडक्यात. एक सदस्य कमी असल्यानं सभेचे ठराव बेकायदा होत नाहीत, नगरपंचायतीचं काम थांबत नाही, आणि त्या वॉर्डाचा निधीही कोणी परत पाठवत नाही. खरं नुकसान असं की अर्थसंकल्पाच्या आणि कामं मंजूर करायच्या सभेत त्या वॉर्डाचं नाव घेणारं कोणी नसतं. त्यावर उपाय, २०२५ ला तुमच्या इथे नगराध्यक्ष थेट लोकांमधून निवडून आले आहेत, म्हणजे त्यांनी त्याही वॉर्डात मतं मागितली आहेत. वॉर्डाच्या कामांची लेखी यादी त्यांना आणि मुख्याधिकाऱ्यांना द्या, सभेच्या आधी द्या, आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं नालीच्या पाण्याबरोबर वाहून जातं. दाद लागली नाही तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. खालच्या कार्यालयाला दिलेल्या अर्जाची ती पोच तिथं कामी येते. दाखल्यांसाठी तर नगरसेवकाच्या शिफारसपत्राची वाट पाहायचं कारणच नाही. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे, मुदतीत सेवा देणं कार्यालयावर बंधनकारक आहे. या जिल्ह्यातली बरीच गावं मागची काही वर्षं नगरसेवकांशिवाय, प्रशासकाच्या हाताखाली चालली. कारभार कसाबसा चाललाच की.

आता तुमच्याकडे येतो.

रस्त्याच्या पलीकडच्या वॉर्डात नाव आहे, याची चिंता सोडा. त्याच नगरपंचायतीच्या मतदारयादीत कुठेही नाव असलं आणि वय एकवीस पूर्ण असलं की दुसऱ्या वॉर्डातून उभं राहता येतं. सूचक, म्हणजे अर्जावर तुमचं नाव सुचवणारा, मात्र त्या वॉर्डाचाच मतदार लागतो. अपक्ष असाल तर किती सूचक लागतील ते कार्यक्रमासोबतच्या सूचनांत नीट वाचा. नाव यादीत आहे ना, ते आजच तपासा. कारण पोटनिवडणुकीच्या वेळी जी प्रारूप यादी लागते, ती विधानसभेच्या यादीवरून वॉर्डनिहाय फोडलेली असते. तिच्यावर हरकती मागवतात तेव्हा चुकून दुसऱ्या वॉर्डात गेलेलं नाव हलवता येतं, पण विधानसभेच्या यादीतच नसलेलं नवं नाव घालता येत नाही. दर वेळी वीस-पंचवीस जण तेव्हा रागानं येतात. त्यांनी मतदारयादीत नाव घालायचा नमुना ६ आधी भरायला हवा होता.

बाकीच्या अटी तुम्हाला ठाऊक असतील, तरी घरात एकदा विचारून घ्या. सप्टेंबर २००१ नंतरचा दोन अपत्यांचा नियम, नगरपंचायतीच्या कराची थकबाकी, घराचं बांधकाम मंजुरीप्रमाणे आहे का, आणि यजमानांचं नगरपंचायतीशी काही कंत्राट किंवा पुरवठ्याचा व्यवहार आहे का. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. टँकर लावलेला असतो, मंडप दिलेला असतो, आणि छाननीच्या दिवशी समोरचा उमेदवार बिलाची प्रत घेऊन उभा राहतो.

हे सगळं जमलं तरी सौंसर उरतं.

लग्नानं जात बदलत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणजे तुमची जात आणि तिचे कागद माहेरचे. आता तुमची जात दोन्ही राज्यांच्या ओबीसी यादीत असेलही. पण महाराष्ट्रातल्या आरक्षणाचा लाभ जातीच्या नुसत्या नावावर मिळत नाही, तुमचं मूळ कुटुंब ठरावीक दिनांकाला कुठं राहत होतं ते बघतात. ओबीसीसाठी तो दिनांक १३ ऑक्टोबर १९६७. त्या दिवशी तुमच्या वडिलांचं किंवा आजोबांचं वास्तव्य सौंसरला असेल, तर ते मध्य प्रदेशात होते. पुढे लग्न होऊन तुम्ही इकडे आलात तरी तुम्ही स्थलांतरित ठरता, आणि तुमचा ओबीसी दाखला मध्य प्रदेशात चालतो, इथल्या राखीव जागेसाठी चालत नाही. ओबीसी महिलेची ही जागा तुम्हाला त्या स्थितीत लढता येणार नाही.

आपल्याकडे हे फार जणींच्या बाबतीत होतं. काटोल, नरखेड, सावनेर या पट्ट्यातल्या निम्म्या घरांच्या सोयरिकी सौंसर-पांढुर्ण्याकडे आहेत. तिकडचे लोक मराठी बोलतात, संत्रा तोच, सणवार तेच, बाजारासाठी नागपूरच. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तर नागपूर आणि छिंदवाडा (सौंसर तेव्हा त्याच जिल्ह्यात) एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. म्हणून कोणाला ती सीमा जाणवतच नाही, ती थेट जात पडताळणी समितीच्या खिडकीवर जाणवते. अनुसूचित जाती-जमातींचे दिनांक १९५० चे असल्यानं त्यांच्या बाबतीत जुन्या एकत्र राज्याचा विचार वेगळा होतो. ओबीसीचा १९६७ चा आहे, तोवर राज्यं वेगळी होऊन अकरा वर्षं झाली होती.

पण एवढ्यावर आशा सोडू नका. वडिलांना नाही तर काकांना विचारा, आपण मूळचे कुठले? सौंसरकडची पुष्कळ घरं मूळची काटोल, नरखेड, कळमेश्वरची. कोणी बगिच्याच्या कामाला गेलं, कोणी घरजावई गेलं. आजोबा १९६७ नंतर तिकडे गेले असतील, किंवा त्यांचं कायमचं घर-शेत इकडेच असून नोकरीपुरतं तिकडे राहणं असेल, तर तुमची बाजू उभी राहू शकते. त्यासाठी कागद हवा, सांगोवांगी नको. आजोबा किंवा त्यांचे भाऊ इकडच्या ज्या शाळेत शिकले तिथलं जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढायचं. त्यात जातीचा रकाना असतो. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल पंजीची नक्कल मागायची, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदीसमोर बापाचं नाव आणि जात लिहिलेली असते. शेती असेल तर १९५४-५५ चं अधिकार अभिलेख, म्हणजे जमिनीच्या हक्कांची जुनी नोंद, बघायचं. कोतवाल पंजीची पानं हातात घेतली तर कडा तुटतात, शाई तपकिरी पडलेली असते, काही गावांची अक्षरं मोडीत असतात. नक्कल काढून देणाऱ्या बाबूला नाव आणि अंदाजे साल देता आलं तर काम होतं, ‘आमच्या घराण्याचं काही आहे का बघा’ म्हणून होत नाही.

असा कागद सापडला तर आधी उपविभागीय अधिकाऱ्यांकडून जातीचा दाखला, मग नागपूरच्या जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे वैधतेसाठी अर्ज. हा अर्ज पोटनिवडणूक जाहीर व्हायची वाट न पाहता करा. कार्यक्रम लागला की अर्ज भरायला मोजके दिवस असतात आणि तेव्हा समितीसमोर रांग लागलेली असते. समितीला शंका आली तर दक्षता पथक घरी आणि शाळेत चौकशीला जातं, त्यात वेळ जातोच. वैधता हातात नसेल तर अर्ज केल्याची पावती आणि हमीपत्रावर उभं राहू देतात, आणि निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र द्यायचं असतं. ती मुदत किती ते त्या वेळच्या सूचनेत छापलेलं असतं. तिला हलकं घेऊ नका. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बंधनकारकच ठरवली, कोल्हापूर महापालिकेतल्या कितीतरी नगरसेवकांच्या खुर्च्या त्यानं हलल्या, आणि शेवटी सरकारला कायद्यात दुरुस्ती करून मुदत वाढवावी लागली. दर वेळी सरकार तसं करेल असं समजू नका.

तुमचे हितचिंतक म्हणतील, भरून टाका अर्ज, छाननीत कोण बघतं. छाननीत कदाचित निभेलही. पण निवडून आलात आणि वैधता नामंजूर झाली तर निवड पहिल्या दिवसापासून रद्द होते, आणि त्या वॉर्डाची जागा पुन्हा रिकामी. बाईंच्या जाण्यानं जी वाट पाहणं वॉर्डाच्या नशिबी आलं, तेच तुमच्यामुळे परत येईल.

जुना कागद सापडला नाही तर या जागेचा नाद सोडा. तुम्हाला सर्वसाधारण आणि सर्वसाधारण महिला या दोन्ही जागा लढता येतात, तिथं सौंसर आडवं येत नाही, फक्त पुढच्या सोडतीची वाट पाहावी लागेल. तोपर्यंत त्या वॉर्डाच्या कामांचा पाठपुरावा करायला पद लागत नाही.

काकांकडून उत्तर आलं की इथं लिहा. आजोबांचं गाव, तालुका, शाळा आणि अंदाजे साल एवढं सांगितलं तरी कुठल्या कार्यालयात आधी जायचं ते सांगता येईल. दाखल्याचे, आधारचे फोटो मात्र इथं टाकू नका.